बिली हॉलिडे ऐकायची कशी? आधी लय, दुःख नंतर

बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेचं नाव आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक वेळा तिच्या दुःखासकट. गरिबी, वर्णद्वेष, व्यसन, तुरुंग आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. यातलं काहीही खोटं नाही. पण हे सगळं डोक्यात घेऊन गाणं लावलं की कान फक्त दुःख शोधत बसतो. माझं तसंच झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून मी तिचा १९५८ सालचा अल्बम सगळ्यात आधी ऐकला, तो खरवडलेला आवाज ऐकून गलबलून आलं, आणि पुढची दोन वर्षं मी तिच्याकडे फिरकले नाही. इतकं जड गाणं रोज कोण ऐकणार?

मग एका संध्याकाळी स्वयंपाक करताना तिचं १९३५ सालचं एक गाणं लागलं. माझा हात नकळत ओट्यावर ठेका धरायला लागला. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती माझ्या ठेक्यावर गातच नाहीये. हात ओट्यावर पडतो आणि तिचा शब्द हात उचलल्यावर येतो. तरी चुकत काहीच नाही. उलट तिचंच बरोबर वाटतं आणि आपला हात उगाच घाई करतोय असं वाटतं. मी गॅस बंद केला आणि ते गाणं पुन्हा लावलं.

खालचा क्रम त्या संध्याकाळवरून ठरवला आहे. ज्यांनी तिचं फक्त नाव ऐकलंय, किंवा एखादं गाणं ऐकून सोडून दिलंय, त्यांच्यासाठी. जॅझ आधीपासून कळत असण्याची काहीही गरज नाही. भजनाला, नाट्यगीताला किंवा एखाद्या जुन्या सिनेगीताला ज्यांनी मांडीवर ठेका धरलाय, त्यांच्याकडे लागणारं सगळं सामान आहे.

ओळखीपुरतं

जन्म ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया. लहानपण बाल्टिमोरमध्ये. मूळ नाव एलेनोरा. वडील क्लॅरेन्स हॉलिडे जॅझ बँडमध्ये गिटार वाजवत, पण घरात त्यांचा वावर जवळजवळ नव्हताच. आईबरोबर ती न्यूयॉर्कला आली आणि हार्लेम या तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या छोट्या क्लबांत गाऊ लागली. तिथं १९३३ साली जॉन हॅमंड या रेकॉर्डिंगच्या क्षेत्रातल्या माणसानं तिला ऐकलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बेनी गुडमनच्या बँडबरोबर तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. संगीताचं शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नाही. ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग आणि गायिका बेसी स्मिथ यांच्या रेकॉर्डी ऐकून जे घेतलं, तेवढंच.

सध्या एवढं पुरे. चरित्र, तिच्यावरचे सिनेमे, तिचं १९५६ सालचं आत्मचरित्र, सगळं थोडं लांब ठेवा. आत्मचरित्रातले काही तपशील तर अभ्यासकांनी चुकीचे ठरवले आहेत, जन्मगावापासून.

पायरी १: तीन गाणी, एक आठवडा

पहिल्या आठवड्यात फक्त तीन गाणी ऐका. चौथं लावायचा मोह होईल, पण थांबा.

पहिलं, 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू', २ जुलै १९३५. दुसरं, 'ईझी लिव्हिंग', १ जून १९३७. तिसरं, 'अ सेलबोट इन द मूनलाइट', १५ जून १९३७.

प्रत्येक गाणं तीन मिनिटांच्या आसपास. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावत असे. आपल्याकडे बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांनाही तेवढ्याच वेळात गाणं बसवावं लागलं, त्यामुळे ही शिस्त आपल्या कानाला परकी नाही. तीन मिनिटांत काय काय करता येतं हे ज्यांना नाट्यगीतांमुळे ठाऊक आहे, त्यांना इथं लवकर गंमत यायला लागेल.

हे ऐकताना एक गोष्ट आधीच माहीत हवी, नाहीतर नवा माणूस गोंधळतो. यातल्या पहिल्या दोन रेकॉर्डींवर ती मुख्य कलाकार नाही. तबकडीवर नाव असायचं पियानोवादक टेडी विल्सनच्या बँडचं आणि खाली बारीक अक्षरांत गायिकेचं. बँड आधी वाजवतो, मग ती एक आवर्तन गाते, मग पुन्हा वादकांची पाळी. जॅझमध्ये त्या आवर्तनाला कोरस म्हणतात. बहुतेक गाण्यांत तो ३२ बारांचा असतो, म्हणजे चार-चार मात्रांचे बत्तीस तुकडे. त्यात ध्रुवपदाची चाल दोनदा, मग अंतऱ्यासारखी वेगळी चाल, आणि शेवटी पुन्हा ध्रुवपद. एवढा नकाशा कळला की कोण कुठं आहे ते सापडतं.

ही गाणी कुठल्या परिस्थितीत झाली तेही सांगते, कारण त्यावरून त्यांचा मोकळेपणा समजतो. दारूबंदी उठल्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी ज्यूकबॉक्स बसले. नाणं टाकायचं आणि गाणं ऐकायचं. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या ज्यूकबॉक्ससाठी स्वस्तात रेकॉर्डी हव्या होत्या. त्यामुळे शहरात असतील ते चांगले वादक जमवायचे, बाजारात आलेली नवी गाणी हातात द्यायची आणि एका बैठकीत साधारण चार गाणी उरकायची. लिहून काढलेला वाद्यमेळ जवळजवळ नसायचाच. गायिकेला ठरावीक रोख रक्कम मिळे, रॉयल्टी नाही. यात तिच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्या खोलीत बसलेली माणसं पाहा. २ जुलैच्या त्या बैठकीत क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रंपेटवर रॉय एल्ड्रिज, टेनर सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर, डबल बासवर जॉन कर्बी, ड्रमवर कोझी कोल आणि पियानोवर स्वतः विल्सन. वीस वर्षांच्या मुलीच्या मागे एवढे!

पायरी २: हात टेबलावर ठेवा

आता 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' पुन्हा लावा. गुडमनच्या क्लॅरिनेटनं सुरुवात होते आणि लय चांगलीच द्रुत आहे. डाव्या हातानं टेबलावर बासचा ठेका धरा. बास नीट ऐकू येत नसेल तर फोनचा स्पीकर बंद करून हेडफोन लावा किंवा घरातला मोठा स्पीकर जोडा. फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर गळून जातात आणि मग तिची अर्धी करामत कळतच नाही, कारण ती कशाच्या मागे राहतेय तेच ऐकू येत नाही.

ठेका जमला की उजव्या हाताचं एक बोट तिच्या प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दावर आपटा. दोन्ही हात एकत्र पडणार नाहीत. बँड धावतोय आणि ती रमतगमत चालल्यासारखी गातेय. एखादी ओळ ती उशिरा सुरू करते, मधले शब्द जवळजवळ आणते आणि ओळीच्या शेवटी नेमकी पोचते. आपल्याकडे ठुमरी गाणारे किंवा कसलेले भजनी बुवा तालाच्या मागे राहून गातात आणि समेवर अचूक येतात, त्याची इथं आठवण येईल. फरक इतकाच की इथं समेचा ठोसा नाही. ती येऊन मिळते आणि पुन्हा सुटते.

पाच-सहा वेळा करा. एकदा बोटाला ते अंतर कळलं की नंतर हात लावावा लागत नाही. माझ्या मते तिच्या गाण्याचं मर्म याच अंतरात आहे. आवाज मोठा नाही. पल्लाही सप्तकाहून थोडाच जास्त. ताना नाहीत, हरकती मोजक्या. मग एवढं काय आहे? शब्द कधी टाकायचा याचा निर्णय. दर ओळीला नवा.

दुसरी गोष्ट चालीची. मूळ चाल वर चढत असेल तर ती बहुतेक वेळा चढत नाही. दोन-तीन सुरांतच घुटमळते आणि तेवढ्यात तिची नवी चाल तयार होते. जानेवारी १९३८ मधलं 'व्हेन यू आर स्मायलिंग' यासाठी ऐका. हे गाणं इतर कुणाच्याही आवाजात आधी ऐका आणि मग तिचं. मूळ चालीतले चढउतार तिनं जवळजवळ सपाट केले आहेत आणि तरी गाणं पुढं सरकत राहतं, कारण तिची लय त्याला ढकलत असते.

पायरी ३: लेस्टरला शोधा

इथं थोडं रेंगाळायचं आहे. या लेखातली एकच पायरी करायची ठरवलीत तर हीच करा.

२५ जानेवारी १९३७ रोजी टेडी विल्सनच्या बैठकीला पियानोवादक काउंट बेसीच्या बँडमधले काहीजण आले. ट्रंपेटवर बक क्लेटन, गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. तिथपासून पुढच्या काही वर्षांत बिली आणि लेस्टर यांनी जे एकत्र केलं, त्याला जोड नाही. तिला 'लेडी डे' हे नाव त्यानं दिलं. तिनं त्याला 'प्रेझ' म्हटलं, म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांचा प्रेसिडेंट. काही काळ तो हार्लेममध्ये तिच्या आणि तिच्या आईच्या घरी राहतही होता.

'अ सेलबोट इन द मूनलाइट' घ्या. शब्द अगदी साधे आहेत, चांदणं आणि नाव आणि आपण दोघं, त्या काळी अशी गाणी शेकड्यांनी निघत. ती गायला लागली की तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिच्या मागे, जरा खालच्या अंगानं, एक सॅक्सोफोन चालू आहे तो पकडा. पहिल्या ऐकण्यात सापडला नाही तर आवाज थोडा वाढवून पुन्हा ऐका. तो तिची चाल वाजवत नाही. ती श्वास घेते तिथं तो येतो, ती शब्द लांबवते तिथं तो थांबतो. काही जागी दोघं एकाच वेळी बोलतात आणि तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत. आपल्याकडे गाण्याला हार्मोनियमची किंवा सारंगीची साथ असते. पण साथीदार बहुतेक वेळा गायकाच्या मागोमाग जातो. लेस्टर मागोमाग जात नाही, तो शेजारून चालतो. त्याच दिवशीचं 'मी, मायसेल्फ अँड आय' लावलं तर हेच आणखी खेळकर रूपात सापडेल.

आणि मग उलटं करा. लेस्टरचा स्वतःचा सोलो ऐका. 'व्हेन यू आर स्मायलिंग'मध्ये शेवटाकडे आहे. तो वाजवतो तेही ठेक्याच्या मागे राहून, तेही थोडक्या सुरांत, तेही बोलल्यासारखं. कोण कुणाकडून शिकलं हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. दोन माणसांचा श्वास एकाच जागी पडतो, हे कानांनी ऐकायला मिळतं, एवढं मला पुरतं.

फ्रेडी ग्रीनच्या गिटारकडेही एकदा कान द्या. दर बारला चार सारखे ठोके, सोलो नाही, दिखावा नाही. बिली मागे राहू शकते ती याच्या आधारावर. तबलजी ठेका सोडत नाही म्हणून गवई निर्धास्त असतो, तसंच.

या ट्रंपेट-क्लॅरिनेटच्या आवाजाशी आपली जुनी ओळख आहे, तेही जाता जाता सांगते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तिसाच्या दशकात अमेरिकन जॅझ वादक येऊन वाजवत होते. गोव्यातून आलेल्या वादकांनी ते संगीत आत्मसात केलं आणि पुढं सिनेमाच्या वाद्यवृंदात नेलं. आल्डोन्याचा चिक चॉकलेट हा ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. 'अलबेला'ची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांनी या आवाजाची झलक लहानपणीच ऐकलेली आहे.

पायरी ४: हवं तेच रेकॉर्डिंग मिळवणं

आता कोरडं पण फार गरजेचं काम. बिलीच्या नावानं शोधलं की शेकडो अल्बम समोर येतात. सारखीच गाणी, वेगळं मुखपृष्ठ. याचं कारण असं की युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क पन्नास वर्षांनंतर संपला, त्यामुळे कोणीही त्यांचे संग्रह काढू शकतं. काही काळजीनं केलेले आहेत, बरेच नाहीत. मी सुरुवातीला एका दुकानातून घेतलेल्या सीडीवर १९३६ आणि १९५६ ची गाणी सरमिसळ होती, साल कुठंच छापलेलं नव्हतं, आणि खरखर काढण्याच्या नादात तिच्या आवाजातली धारच पुसून टाकली होती. ती सीडी ऐकून मला वाटलं होतं की या बाईचा आवाज असा एकसारखा का लागत नाही! आवाज वीस वर्षांनी वेगळा होता, एवढंच कारण होतं.

म्हणून गाण्याच्या नावापुढं नेहमी साल जोडून शोधा. ॲपवर दिसणारं साल संग्रह निघाल्याचं असतं, ध्वनिमुद्रणाचं नव्हे, हे विसरू नका. आणि कंपनीचं नाव बघा, कारण तिच्या कारकिर्दीचे टप्पे कंपन्यांप्रमाणे सरळ पडतात. १९३३ ते १९४२ मधलं काम ब्रन्सविक, व्होकॅलियन, ओकेह या छापांवर आलं आणि आज ते कोलंबियाच्या नावाखाली मिळतं. कमोडोर या छोट्या कंपनीसाठी तिनं १९३९ आणि १९४४ मध्ये थोडकी गाणी केली. १९४४ ते १९५० डेका. १९५२ ते १९५७ निर्माता नॉर्मन ग्रँझच्या कंपन्या, म्हणजे क्लेफ, नॉरग्रॅन आणि नंतर व्हर्व्ह. १९५८ मध्ये पुन्हा एकदा कोलंबिया आणि शेवटी १९५९ मध्ये एमजीएम.

सुरुवातीच्या गाण्यांसाठी टेडी विल्सनच्या नावानंही शोधा. कोलंबियाचा दहा सीडींचा १९३३ ते १९४४ असा पूर्ण संच २००१ मध्ये निघाला, पण नव्या माणसानं तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच गाण्याचे दोन-दोन टेक ऐकून पहिल्याच महिन्यात कंटाळा येईल. त्याच वर्षी दोन सीडींची निवड निघाली होती, ती पुरेशी आहे.

खरखर राहू द्या. जुन्या तबकडीची थोडी खरखर दोन मिनिटांत कानाआड होते. कृत्रिम स्टिरिओ केलेली किंवा मागे नवं वाद्यसंगीत घातलेली आवृत्ती मात्र टाळा. ही मूळ मोनो रेकॉर्डिंग आहेत आणि तशीच चांगली लागतात.

पायरी ५: 'स्ट्रेंज फ्रूट', एकट्यानं

आता कान तयार आहे. आता हे गाणं ऐका, पण प्लेलिस्टमध्ये नको, काम करताना नको, दोन हलक्या गाण्यांच्या मध्ये तर अजिबात नको.

अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावानं मारून झाडाला टांगलं जाई. त्यावर न्यूयॉर्कमधले शिक्षक एबल मीरोपोल यांनी कविता लिहिली आणि चालही लावली. १९३९ मध्ये बिली ती कॅफे सोसायटी या क्लबात गाऊ लागली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गोरे आणि काळे एकत्र बसू शकतील अशा जागा मोजक्या होत्या, त्यातली ही एक. मालक बार्नी जोसेफसन यांनी नियम घातला होता: हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी, तेव्हा वेटरनं काही वाढायचं नाही, सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक लहान झोत. गाणं संपलं की काळोख, आणि दिवे लागतात तेव्हा ती तिथं नसे. 'वन्स मोअर' नाही.

तिची नेहमीची कंपनी हे गाणं काढायला तयार झाली नाही. कमोडोरच्या मिल्ट गेबलर यांनी ते काढलं, २० एप्रिल १९३९ रोजी. त्या रेकॉर्डवर ती गायला सुरुवात करण्याआधी मिनिटभराहून जास्त वेळ नुसतं वाद्यसंगीत आहे, आधी ट्रंपेट, मग पियानो. घाई करून पुढं सरकवू नका. आणि ती यायला लागली की एक लक्षात येईल: रडणं नाही. आवाज चढत नाही. प्रत्येक शब्द ती स्वच्छ, जवळजवळ थंडपणे ठेवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत जे ऐकलंत, शब्द कधी टाकायचा त्याचा निर्णय, तोच इथं आहे. फक्त आता खाली पकडायला ठेका जवळजवळ नाही, आणि त्या रिकाम्या जागेत तिचा शब्द पडतो.

त्याच दिवशी त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी 'फाइन अँड मेलो' झालं. तिचं स्वतःचं, बारा बारांचं ब्लूज, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा एक जुना प्रकार. ते लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पायरी ६: डेकाची वर्षं, झटपट

'लव्हर मॅन' (१९४४), 'गुड मॉर्निंग हार्टेक' (१९४६), 'क्रेझी ही कॉल्स मी' (१९४९). तिला मागे व्हायोलिनं हवी होती, तिनं हट्ट धरला आणि गेबलर यांनी, ते आता डेकात होते, ती दिली. गाणी देखणी आहेत. तिचा आवाज याच काळात सगळ्यात भरलेला आहे. पण मागे उत्तर देणारा कुणी नाही, म्हणून मी इथं फार थांबत नाही. तुम्हाला सुरेल, सावकाश प्रेमगीतं आवडत असतील तर जरूर थांबा. १९४१ चं 'गॉड ब्लेस द चाइल्ड' या आधीचं, ते सोडू नका.

याच वर्षांत, १९४७ मध्ये, अमली पदार्थांच्या खटल्यात तिला एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. सुटल्यावर न्यूयॉर्क पोलिसांकडून मिळणारा कॅबरे परवाना तिला मिळाला नाही, आणि त्याशिवाय तिथं दारू विकणाऱ्या कुठल्याही क्लबात गाता येत नसे. कार्नेगी हॉलमध्ये ती गाऊ शकत होती, ज्या क्लबांनी तिला घडवलं तिथं नाही. पन्नाशीच्या दशकातल्या रेकॉर्डी ऐकताना हे ठाऊक असावं.

पायरी ७: एकच गाणं, दोन वयं

'धीज फूलिश थिंग्ज' १९३६ चं ऐका आणि लगेच १९५२ चं. पहिल्यात विल्सनचा बँड आहे, दुसऱ्यात पियानोवर ऑस्कर पीटरसन आणि मोजके वादक. पहिल्यात मुलगी गाणं सांगते. दुसऱ्यात लय उतरलेली आहे, आणि पस्तिशी ओलांडलेली बाई प्रत्येक ओळीनंतर जरा थांबते, जणू पुढची आठवण बाहेर काढावी की नाही असं मनात येतंय. मग 'आय विश्ड ऑन द मून' घ्या, १९३५ आणि १९५७. या दोन्हींत बेन वेबस्टर आहे. २ जुलैच्या त्या बैठकीतला तोच सॅक्सोफोनवाला एकवीस-बावीस वर्षांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तिच्या शेजारी उभा आहे, आणि त्याच्या सुरात आता फुंकर जास्त, स्वर कमी.

जानेवारी १९५७ मधल्या या बैठकींतून निघालेलं काम मला तिच्या उत्तरार्धात सगळ्यात जवळचं आहे. ट्रंपेटवर हॅरी 'स्वीट्स' एडिसन, पियानोवर जिमी रोल्स, गिटारवर बार्नी केसेल. एलपी आल्यामुळे तीन मिनिटांची भिंत गेली होती. 'वन फॉर माय बेबी' पाच मिनिटांहून जास्त चालतं आणि एकही क्षण जादाचा वाटत नाही. आवाज झिजलाय, हो. पण आता ती ठेक्याच्या इतकी मागे राहते की पहिल्या वेळी वाटतं, आता चुकणार. हात टेबलावर ठेवून बघा. चुकत नाही.

पायरी ८: साडेआठ मिनिटांच्या आतला एक व्हिडिओ

८ डिसेंबर १९५७, सीबीएस वाहिनी, 'द साउंड ऑफ जॅझ' हा थेट प्रक्षेपित कार्यक्रम. बिली उंच स्टुलावर बसली आहे, भोवती वादक उभे, आणि गाणं 'फाइन अँड मेलो'. ऑनलाइन सहज मिळतं. याच नावाचा अल्बमही आहे, पण तो कार्यक्रमाच्या काही दिवस आधीचा आहे. तुम्हाला व्हिडिओच हवा.

ती एक कडवं गाते, मग वेबस्टर वाजवतो. त्याच्यानंतर लेस्टर यंग पुढे येतो. तोवर दोघांत पूर्वीसारखं येणंजाणं उरलं नव्हतं, आणि त्याची तब्येत इतकी ढासळली होती की कार्यक्रमात तो बराच वेळ बसून होता. आता तो उठतो आणि फक्त बारा बार वाजवतो. मोजके सूर, सगळे सावकाश, शेवटचे तर उतरणीला लागल्यासारखे. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती त्याच्याकडे बघतेय, ओठ किंचित दाबलेले, मान हळूच हलतेय, भुवया उंचावतात, आणि मधेच हसू येतं. त्याचा पुढचा सूर कुठं पडणार हे तिला आधीच ठाऊक आहे, आणि तो तिथंच पडतो.

आधीच्या सात पायऱ्या करून इथं आलात तर हे बारा बार तुम्हाला कुणी समजावून सांगावे लागणार नाहीत. लेस्टर १५ मार्च १९५९ रोजी गेला, बिली १७ जुलैला.

पायरी ९: आता 'लेडी इन सॅटिन'

ज्या अल्बमनं मी सुरुवात केली होती तो सगळ्यात शेवटी. फेब्रुवारी १९५८, संयोजन रे एलिस यांचं, मागे व्हायोलिनांचा मोठा ताफा आणि गायकवृंद. व्हायोलिनं तिलाच हवी होती, एलिस यांनाही तिनंच निवडलं. आवाजाचा वरचा भाग गेलेला आहे, शब्दांच्या कडा फाटतात. जाणकारांत यावर आजही दोन तट आहेत. एलिस स्वतः ध्वनिमुद्रण चालू असताना तिच्या गाण्यावर नाराज होते आणि काही आठवड्यांनी टेप ऐकताना त्यांचं मत पूर्ण बदललं.

एका बैठकीत सबंध अल्बम ऐकू नका. पहिलं गाणं घ्या, 'आयम अ फूल टू वाँट यू'. डावा हात टेबलावर. लय इतकी विलंबित आहे की ठेका धरायला थोडा वेळ लागेल. व्हायोलिनं ठोक्यावर येतात. मग तिचा शब्द येतो, हात उचलल्यावर.